एका ज्येष्ठासाठी एक तास

२०११च्या जनगणनेनुसार देशातील ६० वर्षांवरील नागरिकांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. २००७च्या कायद्याने आईवडिलांच्या चरितार्थाचे दायित्व अपत्यांवर घातले. परंतु थरथरता हात हाती घेण्याची सक्ती कोणताही कायदा करू शकत नाही.

मुले परदेशी वा परगावी असलेली अनेक दांपत्ये आज स्वेच्छेने ज्येष्ठ निवासांत राहतात. त्यात कमीपणा नाही. मात्र तेथील कर्मचारी सर्वांचे असतात. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा पाऊल टाकणाऱ्याला, सावकाश घास गिळणाऱ्याला, स्मृतिभ्रंशामुळे सायंकाळ होताच ‘घरी जायचे’ म्हणत दाराशी येणाऱ्या आजींना स्वतंत्र माणूस लागतो. त्यांच्याशी वाद न घालता घराविषयी विचारावे, सोबत दोन पावले चालावे, मन निवते. दहा जणांकडे पाहणाऱ्याला एवढी सवड कोठून असणार? म्हणून काही कुटुंबे संस्थेच्या संमतीने वेगळी सेविका नेमतात. तिला योग्य वेतन, साप्ताहिक सुटी आणि सन्मान मिळालाच पाहिजे. तीही कुणाची लेक आहे.

तथापि, वेतन दिल्याने पितृऋण फिटत नाही. मुलांची विचारपूस नित्य हवी. आणि ज्यांना सेविका परवडत नाही, त्यांच्यातील एकेका ज्येष्ठासाठी प्रत्येक कार्यकर्त्याने आठवड्यातून ठरलेला एक तास द्यावा. दिवाळीत फळे वाटून छायाचित्र काढणे सोपे आहे. पुढील आठवड्यात त्याच माणसाकडे पुन्हा जाणे, ही सेवा होय.