व्हिजिटिंग कार्डावरील सांकेतिक चौकोन



१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर कार्यालये आली, अधिकारी आले, आणि यथाकाल बदलूनही गेले. सातबाऱ्याच्या घडीत शेतकऱ्याने जपून ठेवलेल्या कार्डावरचा अधिकारी मात्र तोच राहतो. ऐन पेरणीत सोयाबीन उगवले नाही म्हणून तो दूरध्वनी करतो, तेव्हा पलीकडे भलत्याच जिल्ह्यातील गृहस्थ बोलत असतात. कार्डावर क्यूआर कोड छापण्याची प्रथा आता रूढ होत असताना, या अडचणीचा विचार प्रथम व्हावयास हवा.

हा कोड जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा यांनी १९९४ साली, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्याकरिता तयार केला. कंपनीने एकस्व मिळवूनही सर्वसामान्य वापरावर निर्बंध घातले नाहीत, म्हणूनच तो आज आधार कार्डावर, दुकानाच्या गल्ल्यावर आणि बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतही दिसतो. तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन दिशा दाखवितात. उरलेल्या काळ्यापांढऱ्या घरांत मजकूर साठविलेला असतो. दुरुस्तीची उच्चतम पातळी निवडल्यास सुमारे ३० टक्के मजकूर खराब झाला तरी तो वाचता येतो. खिशात घामाने भिजणाऱ्या कार्डाच्या दृष्टीने हा गुण मोलाचा आहे. मात्र त्यापायी घरांची संख्या वाढते.

मराठी मजकुराच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘वाशीम’ हा शब्द पंधरा बाइट घेतो, तर रोमन लिपीत तो सहांत बसतो. ‘मंगरुळपीर’ला सत्तावीस लागतात. म्हणून मराठी सोडावी असे मुळीच नाही. लांबलचक पत्ता व पदव्यांची माळ सोडावी. नाव, पदनाम, कार्यालय आणि क्रमांक एवढे पुरे. जुन्या डीटीपी फाँटमधील मजकूर कोडात तसाच घातला, तर वाचणाऱ्याच्या फोनवर निरर्थक अक्षरे उमटतात. तो युनिकोडमध्येच टंकलिखित करून घ्यावा.

कोड दोन प्रकारचे असतात. स्थिर कोडात मजकूर प्रत्यक्ष साठविलेला असतो; तो इंटरनेटवाचून उघडतो, पण छापल्यावर बदलत नाही. दुसऱ्यात केवळ एक दुवा असतो. त्यामागची माहिती पुढे बदलता येते, ही सोय खरीच. परंतु दुवा पुरविणाऱ्या कंपनीची वर्गणी थकली की सर्व कार्डे एकाच दिवशी मुकी होतात. शासकीय व पंचायतीच्या कामासाठी स्थिर कोडच बरा, आणि त्यात व्यक्तीच्या खासगी क्रमांकाऐवजी कार्यालयाचा क्रमांक द्यावा. बदलीनंतर आलेल्या अधिकाऱ्यापर्यंत शेतकरी पोहोचेल तो त्याच क्रमांकाने. अर्थात तो क्रमांक उचलणारा माणूस कार्यालयात असावा लागतो. ते काम कोणताही कोड करीत नाही.

रिसोड किंवा मानोऱ्याच्या आडगावांत बटणांचा साधा फोन वापरणारे वृद्ध आजही आहेत. त्यांच्यासाठी कोडाशेजारी क्रमांक ठळक अंकांत छापलेला असलाच पाहिजे. जागा कमी पडल्यास बोधचिन्ह लहान करावे, अंक नव्हेत.

छपाईपूर्वी मुद्रकाकडून एक नमुना अवश्य घ्यावा. चौकोन दोन सेंटिमीटरांहून लहान नसावा. भोवती चार घरांएवढी कोरी जागा असावी. शाई गडद आणि कागद फिका असावा. सोनेरी शाई समारंभाच्या पत्रिकेला शोभते, कोड मात्र तिच्यात पुष्कळदा वाचला जात नाही. नमुना दोन-तीन फोनांवर, त्यांपैकी एक जुना व स्वस्त घेऊन, भर उन्हात वाचून पाहावा आणि उघडलेला क्रमांक लावून खात्री करावी. मगच पाचशे प्रतींची मागणी नोंदवावी.