बाई लावली, की नोकरी दिली?



संयोजकांनी मला सॉफ्टवेअरबद्दल बोलायला सांगितलं होतं. पण सकाळपासून प्रत्येक मैत्रीण एकच विचारतेय, "तिकडं दोन लेकरं आणि नोकरी, कसं गं जमवलंस?" तर आज त्याबद्दलच बोलते.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. अमेरिकेत देशभर लागू असलेल्या १९९३ च्या कायद्याने, पात्र असाल तर, बाळंतपणाला १२ आठवड्यांची रजा मिळते आणि तीही बिनपगारी. राज्य आणि कंपनी जे देईल ते वेगळं. त्यामुळे आपल्या लोकांची रीत ठरलेली. आधी नांदेडहून आई आली, मग लातूरहून सासूबाई. पर्यटक व्हिसावर साधारण सहा-सहा महिने राहता येतं. दोघींचे मुक्काम संपले, तेव्हा धाकटं लेकरू वर्षाचं आणि थोरलं तीन वर्षांचं होतं.

मग ओळखीतून एक बाई मिळाल्या. निजामाबादकडच्या, म्हणजे आपल्या शेजारच्याच. आम्ही त्यांना अम्मा म्हणायचो. आधी त्या ज्या दोन घरी होत्या तिथे फोन करून चौकशी केली. त्यांच्याकडे काम करायचा कायदेशीर परवाना आहे हे पाहिलं. एक आठवडा मी घरी असताना त्यांना पगार देऊन काम करून पाहायला सांगितलं. लेकराच्या घशात काही अडकलं तर काय करायचं, याचं प्रशिक्षण आम्ही दोघींनी मिळून घेतलं.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. अडलं ते पगारावर. अम्माच म्हणाल्या, "रोख द्या, कागद कशाला?" ओळखीच्या बऱ्याच घरांत तसंच चालायचं. आमचेही पैसे वाचले असते.

पण तिथला हिशोब समजून घ्या. तुमच्या घरात, तुम्ही ठरवाल त्या वेळेला आणि तुम्ही सांगाल तसं काम करणारी बाई ही तुमची कर्मचारी ठरते आणि तुम्ही मालक. २०२५ साली ही मर्यादा वर्षाला २,८०० डॉलर होती. एवढं किंवा जास्त रोख वेतन दिलं, की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून ७.६५ टक्के तिचे आणि तेवढेच आपले भरावे लागतात. आठवड्याला ४० तासांच्या वर काम झालं तर त्या तासांना दीडपट दर. आम्हाला सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मदत लागायची. पाच दिवसांचे ५० तास झाले. म्हणजे दहा तास दीडपटीचे.

आता खरी गोष्ट. तिथे म्हातारपणी सोशल सिक्युरिटीची पेन्शन स्वतःच्या कामावर मिळायची, तर ४० क्रेडिट लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार. म्हणजे किमान दहा वर्षांचं नोंदलेलं काम. रोखीने घेतलेलं वर्ष त्या खात्यात दिसतच नाही. अम्मा तेव्हा पन्नाशीच्या होत्या. हे कागदावर मांडून दाखवल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आधीच्या घरांतली सहा वर्षं गेली म्हणायची."

त्यांनी सही केली. तास, सुट्ट्या, आजारपणाची रजा, आम्ही भारतात आलो तरी चालू राहणारा पगार, सगळं लिहून ठेवलं. कागद झाल्यामुळे माया कमी झाली नाही. धाकटा दुधाला कितीतरी दिवस 'पालु' म्हणायचा. उलट सहा वाजून गेले की "जरा थांबता का?" असं मला विचारावं लागायचं आणि त्यांना "नाही" म्हणता यायचं.

आपल्याकडे आपण "बाई लावली" म्हणतो. मावशी म्हणतो, लुगडं देतो, दिवाळीला फराळ देतो. हे सगळं चांगलंच आहे. पण मावशी म्हटल्याने तिच्या खात्यात काही जमा होत नाही. न्यूयॉर्क राज्याने घरकामगारांच्या हक्कांचा कायदा २०१० साली केला, न्यू जर्सीने २०२४ मध्ये. आपल्या महाराष्ट्राचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. आपण त्यांच्या आधी होतो! तरी आपल्या घरी येणाऱ्या बाईची मंडळात नोंद आहे का, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

आज आपल्यातले बरेच जण पुण्यात, हैदराबादेत, परदेशात आहेत आणि आई-वडील इथे नांदेड-लातूरला कुणाच्या तरी भरवशावर. त्या बाईसाठी चार गोष्टी करा. पगार बँकेत द्या, महिन्याला ठरलेल्या सुट्ट्या लिहून द्या, आजारपणात पगार कापू नका आणि मंडळात तिची नोंदणी करायला सोबत जा. आपण आपल्या नोकरीत हेच मागतो ना?

आपल्या बाईंनी आणि सरांनी आपल्याला वहीत तारीख घालायची सवय लावली. तीच सवय इथेही कामाला येईल.