मोजणाराचा हात आणि बिनतारी नोंदवही



कारखान्यात लोखंड कापले जाते, घासले जाते, त्यास छिद्रे पाडली जातात, हे आपण सर्वजण जाणतो. परंतु ते पावलोपावली मोजलेही जाते, आणि मोजलेले कोठेतरी लिहून ठेवावे लागते, ही गोष्ट कारखान्याबाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. या लिहून ठेवण्याच्या कामात अलीकडे एक मोठा फरक पडला आहे. मोजण्याच्या उपकरणातील आकडा आता तारेवाचून, हवेतून, थेट नोंदवहीत जाऊन बसतो. या बिनतारी नोंदीने काय साधते, काय साधत नाही, आणि ती वापरताना कोणती काळजी घ्यावयास हवी, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

आपल्या बडोद्याच्या जुन्या शहरात लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाज्यांकडून येणारे रस्ते जेथे मिळतात, तेथे मांडवी उभी आहे. मांडवी या शब्दाचा अर्थच मुळी जकातीचे ठाणे असा आहे. जकातीच्या ठाण्यावर माल उतरावयाचा, त्याची मोजदाद व्हावयाची, आणि ती देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या, दोघांच्याही डोळ्यांदेखत व्हावयाची. आजही सराफाच्या पेढीवर काट्याचा आकडा गिऱ्हाइकालाही दिसेल असा ठेवलेला असतो. मापाचे धनी नेहमी दोन असतात. एकट्याने केलेले आणि एकट्यालाच ठाऊक असलेले माप व्यवहारात फारसे उपयोगी पडत नाही.

लेथवर शाफ्ट कातला जात असताना मात्र गिऱ्हाईक तेथे उभे नसते. ते दुसऱ्या गावी असते, कधी दुसऱ्या देशातही असते. त्याच्या हाती दोन गोष्टी पडतात : एक प्रत्यक्ष माल, आणि दुसरा त्या मालाबरोबर आलेला मापांचा तक्ता. प्रत्येक नग पुन्हा मोजून पाहण्यास त्याला सवड नसते. तक्त्यावर विश्वास ठेवूनच तो माल जोडणीला घेतो. म्हणून तक्ता कसा तयार होतो, हा प्रश्न कारकुनी वाटला तरी तसा नाही. तो सचोटीचा प्रश्न आहे.

जुनी रीत अशी. कारागीर मायक्रोमीटर लावतो, आकडा वाचतो, मोठ्याने सांगतो किंवा स्वतःच कागदावर लिहितो. हात तेलकट, उजेड बेताचा, यंत्राचा आवाज कानावर. सायंकाळी तो कागद कचेरीत जातो आणि दुसरा कोणीतरी त्यावरचे आकडे संगणकात भरतो. समजा, शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर हवा आणि त्यात ०.०२ मिलिमीटर इकडे-तिकडे चालेल. माणसाचा केस साधारणपणे ०.०७ मिलिमीटर जाड असतो, यावरून ही सवलत किती तुटपुंजी आहे ते कळेल. आता २४.९८५ हा आकडा उतरवताना २४.९५८ असा लिहिला गेला, तर चांगला नग नापास होतो. २५.०३१ चा २५.०१३ झाला, तर वाईट नग पास होऊन गिऱ्हाइकाकडे जातो. दोन अंकांनी जागा बदलली, एवढाच काय तो अपराध !

याहून अवघड दुखणे दुसरेच आहे. शाळेतील प्रयोगवह्या तपासणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला ते परिचित असते. उत्तर काय यावयास हवे हे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते. मग तो उत्तरावरून उलट हिशेब करून निरीक्षणे लिहितो, आणि ती इतकी सुरेख जुळतात की त्या सुरेखपणामुळेच संशय यावा. यंत्रशाळेतही पन्नास नग मोजावयाचे असता पाच मोजून बाकीचे आकडे ‘अंदाजाने’ भरण्याचा मोह होतो. तसे करणारा माणूस दुष्टच असतो असे नाही. बहुधा तो थकलेला असतो, आणि त्या कागदाकडे पुढे कोणी पाहणार नाही हे तो जाणून असतो.

आता नवी रीत पाहू. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक कॅलिपरमध्ये किंवा मायक्रोमीटरमध्ये जबड्यांमधील अंतर विद्युत्-संकेतांच्या रूपाने मोजले जाऊन अंकांत उमटते. उपकरणाला आगपेटीएवढा एक प्रेषक जोडलेला असतो. कारागीर माप घेतो आणि बटण दाबतो. प्रेषकातून आकडा लहरींवर स्वार होऊन संगणकाला लावलेल्या ग्राहकाकडे जातो आणि तक्त्याच्या नेमक्या रकान्यात पडतो. आकडा पोहोचला की प्रेषकावर दिवा लागतो किंवा बारीक आवाज होतो, म्हणजे कारागिराला पोच मिळते. या लहरी बहुधा २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या असतात. घरातील वायफाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्याचा उपयोग करतात. लोखंडी कपाटे आणि मोठी यंत्रे आड आल्यास त्यांना अडथळा होतो, म्हणून ग्राहक कोठे ठेवावा याचा विचार करावा लागतो.

बिनतारीपूर्वी अशीच सोय तारेने होत असे, आणि पुष्कळ ठिकाणी अजूनही होते. परंतु लेथ, मिलिंग यंत्र आणि मोजणीचे मेज यांच्यामध्ये तार ओढत फिरणे गैरसोयीचे असते. ती पायात येते, तेलाने खराब होते, जोडणीशी तुटते. जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात बिनतारी लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखविली होती. आपण हे भाषण ज्या तत्त्वावर ऐकता आहात, त्याच तत्त्वावर आज शाफ्टचा व्यास यंत्रशाळेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो.

या सोयीचा पहिला लाभ उघड आहे : उतरवण्यातील चुका जातात. माझ्या मते खरा मोलाचा लाभ दुसरा आहे, आणि तो वेळेचा आहे. १९२४ साली अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी नियंत्रण-तक्त्याची कल्पना मांडली. तिचे सार असे की, नग पास की नापास एवढेच पाहू नये. मापांची चाल कोणीकडे आहे ते पाहावे. वर सांगितलेल्या शाफ्टची लागोपाठची मापे २५.००२, २५.००५, २५.००९, २५.०१२, २५.०१६ अशी आली, तर पाचही नग पास आहेत. तरीही जाणत्याला कळते की हत्याराची धार झिजते आहे आणि पुढचा एखादा नग मर्यादेबाहेर जाणार आहे. ही मापे सायंकाळी कागदावरून संगणकात चढली, तर चाल लक्षात येईतो लोखंड वाया गेलेले असते. तीच त्या क्षणी पडद्यावर दिसली, तर कारागीर यंत्र थांबवून हत्यार बदलतो. शूहार्ट स्वतः प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये भारतात आले होते. म्हणजे हा विचार आपल्या देशात नवा नाही. तो यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसापर्यंत वेळेवर पोहोचत नव्हता, एवढेच.

बडोद्याला या विषयाचे महत्त्व अधिक आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये येथे कलाभवन स्थापन केले. त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली तेथे हाताच्या कामाला शास्त्राची जोड देण्याचा उद्योग सुरू झाला. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान वजने-मापे आली आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. इंच आणि सूत यांवर वाढलेल्या हातांना तेव्हा मिलिमीटर शिकावा लागला, आणि ते तो शिकले. आज मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत लहान यंत्रशाळांची रांग आहे, आणि मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणे हा अशा यंत्रशाळांचा नेहमीचा धंदा असतो. सी-२९५ या वाहतुकी विमानाच्या जोडणीचा कारखानाही बडोद्यात झाला असून त्याचे उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. करारातील ५६ विमानांपैकी ४० येथे बनवावयाची आहेत. विमानाच्या धंद्यात भाग जितका महत्त्वाचा, तितकीच त्याची नोंद महत्त्वाची असते. वर्षांनंतरही अमुक भाग कोणत्या यंत्रावर झाला आणि त्याचे माप काय होते, हे सांगता यावे लागते. असे काम ज्या यंत्रशाळेला मिळवावयाचे आहे, तिला आपली नोंद भरवशाची ठेवणे भाग आहे.

तथापि बिनतारी यंत्रणेच्या अंगी नसलेले गुण तिला चिकटवू नयेत. ती आकडा जसाचा तसा नेते. आकडा खरा आहे की नाही, हे तिला कळत नाही. मायक्रोमीटरचे शून्य बिघडलेले असेल, तर चुकीचा आकडा तितक्याच विनम्रतेने नोंदवहीत जाईल. जबड्यात लोखंडाचा बारीक कीस अडकला असेल, तर त्याचीही जाडी मापात धरली जाईल. उष्णतेचेही तसेच. मापनशास्त्रात लांबी २० अंश सेल्सिअसला धरण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. आपल्या गावचा वैशाख कोठे आणि वीस अंश कोठे ! उपकरण पोलादी, वस्तूही पोलादी आणि दोन्ही सारखीच तापलेली असतील, तर फरक बराचसा आपोआप फिटतो. परंतु नुकताच कातलेला, उपकरणापेक्षा वीस अंशांनी गरम असलेला १०० मिलिमीटरचा पोलादी नग सुमारे ०.०२३ मिलिमीटरने मोठा भरतो. आपल्या उदाहरणातील सगळी सवलत तेवढ्यातच संपली. नग निववून मोजावा, हे ज्ञान प्रेषकात नसते, ते कारागिरात असते.

आणि हाताचा दाब ? मायक्रोमीटरला तो दाब ठरावीक राहावा म्हणून रॅचेट असते, पण कॅलिपरला बहुधा अशी सोय नसते. बटण केव्हा दाबावयाचे हेही हातच ठरवतो. येथेच सर्व योजनेचे मर्म आहे. पडद्यावर तांबडा आकडा उमटताच कोणी धावून आले, मजुरी कापली किंवा चारचौघांत बोल लावला, तर कारागीर लवकरच शिकतो की जबडा जरा अधिक आवळला की तांबड्याचे हिरवे होते. मग कागदावरचा जुना ‘अंदाज’ बिनतारी होऊन परत येतो, आणि या खेपेला तो अधिक घातक असतो. कारण यंत्रातून आलेला आकडा म्हणून कोणी त्याच्यावर संशय घेत नाही.

म्हणून यंत्रशाळांच्या चालकांना काही सूचना कराव्याशा वाटतात. पहिली अशी की, पडदा मालकाच्या खोलीत लावण्याआधी तो यंत्रापाशी लावावा. आकडा ज्याने काढला त्याला तो प्रथम दिसला पाहिजे. दुसरी अशी की, एकच नग दोनदा मोजला गेला तर दोन्ही मापे नोंदीत राहावीत, आणि फेरमापाचे कारण लिहिण्यास जागा असावी. पुन्हा मोजणे हा गुन्हा नव्हे, लपवून पुन्हा मोजणे वाईट. तिसरी अशी की, दिवसाच्या आरंभी प्रमाण-ठोकळ्यावर उपकरण तपासले, तर ते मापही त्याच मार्गाने नोंदीत जावे. स्वीडनच्या योहान्सन यांनी १८९६ मध्ये असे प्रमाण-ठोकळे योजले. ते वेळोवेळी तपासून घेतलेले असतील, तर कारागिराच्या हातातील मायक्रोमीटरचा संबंध दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील प्रमाणांशी पायरीपायरीने जोडता येतो. आणि चौथी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते : धार झिजल्याचे ओळखून ज्याने वेळीच यंत्र थांबवले, त्याचे नाव नोंदीत यावे. चूक कोणाची हे शोधण्यास जी नोंद उपयोगी पडते, तिने शहाणपण कोणाचे हेही दाखवावयास नको काय ?

आकडे उतरवणाऱ्या कारकुनाचे काम यात जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मापांची चाल वाचणे, उपकरणे तपासणे, बिघाडाचे कारण शोधणे ही कामे वाढतात, आणि त्यांत अधिक समाधान आहे. ज्याचे काम जाणार, त्यालाच ते नवे काम आधी शिकवावे. बाहेरून नवा माणूस आणून जुन्याला दाराशी उभे करण्यात ना न्याय आहे, ना नफा. कारण कोणता नग कशाने बिघडतो, हे त्या जुन्या माणसाने वर्षानुवर्षे आकडे लिहिता लिहिता पाहिलेले असते.

आणि जी मुले औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाऊ पाहतात, त्यांच्या पालकांनाही एक सांगावेसे वाटते. आता सर्व आपोआप होते, मग हाताने माप घेण्यास कशाला शिकावयाचे, असे मुलाला वाटू देऊ नका. त्याला वर्निअरवरची रेघ वाचावयास शिकू द्या, मायक्रोमीटरचा स्पर्श बोटांना ओळखू द्या, आणि प्रयोगवहीत जे दिसले तेच लिहिण्याची सवय लागू द्या, मग ते उत्तराशी जुळो वा न जुळो. पुढे त्याच्या हाती बिनतारी उपकरण येईल तेव्हा तो जो आकडा पाठवील, त्यावर दूरच्या कोणा अनोळखी माणसाला विसंबता येईल. कोणाच्या तरी गाडीचे चाक, कोणाच्या तरी विहिरीवरचा पंप, कोणाचे तरी विमान त्या आकड्याच्या भरवशावर चालावयाचे आहे.