सोडलेली जागा

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधून, माझ्या बैठकीच्या खोलीतून बोलतोय. मध्येच मिक्सरचा आवाज आला तर सांभाळून घ्या. या भिंतीपलीकडे शेजारच्या आजींचं स्वयंपाकघर आहे. त्या स्वयंपाकघराचा आजच्या विषयाशी संबंध आहे. तिकडे शेवटी येतो.

आजचा विषय आहे चार्ल्स कोरिया. इथल्या मंडळींनी त्यांचं काम पाहिलेलं आहे, नाव माहीत नसेल कदाचित. विधानसौधाजवळचं आयुर्विमा महामंडळाचं विश्वेश्वरय्या सेंटर त्यांचं, जक्कूरचं जवाहरलाल नेहरू संशोधन केंद्रही त्यांचंच. पण मी बोलणार आहे ते त्यांनी घडवलेल्या शहराबद्दल, नवी मुंबईबद्दल.

कुटुंब मूळ गोव्याचं, जन्म १९३० चा, सिकंदराबादचा. शिक्षण मुंबईत, मग अमेरिकेत मिशिगन आणि एमआयटीला. परत येऊन १९५८ मध्ये मुंबईत स्वतःचं काम सुरू केलं. तेव्हाची मुंबई डोळ्यांसमोर आणा. लांब, अरुंद बेट आणि नोकऱ्या सगळ्या दक्षिण टोकाला. सकाळी सगळं शहर खाली धावतं, संध्याकाळी वर. कोरिया, वास्तुविशारद प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल या तिघांनी म्हटलं, खाडीपलीकडे मुख्य भूमी आहे, शहराचं तोंड पूर्वेला वळवा. १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात हा प्रस्ताव छापून आला. कोरिया तेव्हा पस्तिशीच्या आत होते. पाच वर्षांनी, १९७० मध्ये, सिडको स्थापन झाली आणि कोरिया नव्या शहराचे मुख्य वास्तुविशारद झाले.

आम्हा फौजी लोकांना ही पद्धत लगेच कळते. कॅम्प लावताना तंबू कुठे ठोकायचे हे सगळ्यात शेवटी ठरतं. आधी पाण्याचा उतार बघायचा, मग गाड्यांची वाट, मग सकाळच्या फॉलिनचं मैदान. हे सोडून उरेल तिथे तंबू.

सगळं ठरल्यासारखं झालं का? नाही. सरकारी कचेऱ्या पलीकडे नेल्या की माणसं आणि धंदे मागोमाग जातील, हा योजनेचा कणा होता. मंत्रालय काही हललं नाही. उलट नरिमन पॉइंटला भराव घालून टॉवर उभे राहिले. रस्त्याचा पूल १९७३ मध्ये झाला, पण लोकल वाशीला पोचायला १९९२ साल उजाडलं. कोरियांनी त्याच्या कितीतरी आधी, सत्तरीच्या दशकाच्या मध्यातच, ते पद सोडलं होतं.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. शेतजमीन शेतीच्या भावाने घ्यायची, विकसित करून विकायची आणि फरकातून शहर उभारायचं, असा हिशेब होता. कागदावर तो चोख होता. पण जमीन ज्यांची गेली, त्या ९५ गावांच्या वाट्याला काय? दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व मान्य झालं. उभा जन्म गणवेशात काढलेल्या माणसाला हे वाक्य सहज बोलता येत नाही. एचएसआर तरी वेगळं काय आहे? आगरा, सोमसुंदरपाळ्य ही गावंच होती. मी बसलोय ती जागाही कधीतरी कुणाचं शेत असेल.

आता बेलापूर. तिथली कोरियांची आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत ऐंशीच्या दशकातली. घरं लहान, बैठी किंवा एकमजली. सात घरांच्या मध्ये सुमारे आठ मीटर लांबरुंद अंगण. असे तीन गट मिळून आणखी मोठं अंगण. मधून ओढा वाहतो, तो बुजवलेला नाही. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे. म्हणजे गरीब आणि बऱ्या स्थितीतल्या माणसाच्या जमिनीत फारसा फरक नाही. दोन घरांना सामायिक भिंत नाही. का? तर पुढेमागे पैसे आले की शेजाऱ्याला न दुखवता प्रत्येकाला आपलं घर वाढवता यावं.

माझी बहीण बेलापूरला असते. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे गेलो तेव्हा ही वसाहत हिंडून पाहिली. काही जुनी कौलारू घरं उरली आहेत, पण बरीच पाडून तिथे दोन-तीन मजले चढलेत. मी बहिणीला म्हणालो, “काय ही माणसं! एवढं चांगलं मिळालं होतं, वाट लावली.”

ती म्हणाली, “दादा, तुझ्या घराच्या बाजूची पत्र्याची खोली कधी बांधलीस?”

मी गप्प झालो.

निवृत्तीनंतर मी इथे तीस बाय चाळीसच्या साइटवरचं घर घेतलं. बाजूला मोकळी पट्टी होती. ठेकेदार म्हणाला, सर, सगळेच झाकतात. मी झाकली आणि खोली भाड्याने दिली. शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघराला तेवढी एकच खिडकी, ती माझ्या पट्टीकडे. तेव्हापासून त्या भरदुपारी दिवा लावून भाजी चिरतात. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. उगादीला ओब्बट्टू मात्र दरवर्षी न चुकता येतो.

चाळीस वर्षं जवानांना शिस्त शिकवली आणि चार फुटांच्या पट्टीवर माझी शिस्त संपली.

कोरिया १६ जून २०१५ रोजी गेले. पद्मविभूषण मिळालं, मोठमोठे सन्मान मिळाले. पण मला त्यांच्या कामातून एवढंच कळलं की आराखडा करणारा फक्त जागा सोडू शकतो. ती राखायची की नाही, ते तिथे राहणारा ठरवतो. बेलापूरच्या लोकांनी घरं वाढवली यात गैर काही नाही; ती वाढावीत म्हणूनच तशी बांधली होती. प्रश्न एवढाच, की वाढताना कुणाचा उजेड अडला?

पत्र्याच्या खोलीतला भाडेकरू या महिन्याअखेर जातोय. मुलाला वाटतं, पत्रा काढून वर दोन मजले चढवावेत. भाड्याचा आकडाही त्याने लिहून दाखवला. आकडा मोठा आहे, नाही म्हणायला जड गेलं. मी नाही म्हटलं. आमचं बोलणं अजून पूर्ववत झालेलं नाही.

खोली पुढच्या आठवड्यात पाडतोय. तुम्ही एक करा. आज घरी गेलात की टेप घेऊन घराभोवती एक चक्कर मारा.

जय हिंद.