शिकाऊचा श्वास



कोळशाच्या आणि कागदाच्या या मुलखात आम्ही काचेवर का बोलावे? कारण आगीपुढे उभ्या राहणाऱ्या शरीराची ओळख येथे कोणाला करून द्यावी लागत नाही.

अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा पैसा मागून फंड उभा केला. लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिले, आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. जपानात व अमेरिकेत ही विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे होते. कारखान्यातून माल निघे, तशीच माणसेही तयार होत.

आता काच शिकणे म्हणजे काय? वाळू, सोडा, चुना यांचे प्रमाण पुस्तकात सापडते. पण लोखंडी नळीच्या टोकावर मधासारखा रस उचलला, की नळी अखंड फिरवावी लागते. हात थांबला की रस एका अंगाला ओघळतो. फुंक किती घालावी हे छातीला कळावे लागते. जास्त झाली तर काच पातळ होऊन फुटते. तयार वस्तू सावकाश निववली नाही, तर ती तडकते. ही विद्या अंगात मुरते, तेव्हाच विद्यार्थी कारागीर होतो.

१९६२ साली अमेरिकेत टोलेडो येथे हार्वे लिटलटन यांनी लहान भट्टी लावून दाखविले, की एकटा कलावंतही कारखान्याबाहेर काच फुंकू शकतो. तेव्हापासून कलाशाळेतला विद्यार्थीही भट्टीपुढे आला. पण भट्टी प्रमाणपत्र पाहत नाही. तिच्या झळीने वर्षानुवर्षांत डोळ्यांत मोतीबिंदू येतो, वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसते. १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिस हा सरकारला कळवावयाचा रोग ठरविला, तो उगीच नव्हे.

१९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा म्हणतो, शिकाऊ हा कामगार नव्हे. मात्र त्याच कायद्याने आरोग्य व सुरक्षिततेचे संरक्षण त्याला कामगारासारखेच दिले. यात मोठे शहाणपण आहे. नाव शिकाऊचे असले, तरी शरीर पहिल्या दिवसापासून कामाला लागलेले असते.

म्हणून आमचे म्हणणे थोडके आहे. तुमचा मुलगा वा मुलगी भट्टीच्या विद्येला जाईल, तेव्हा विद्यावेतन किती हे जरूर विचारा. पण त्याआधी चष्मा, खेळती हवा आणि विसावा आहे का, हे विचारा. कला हातात येईपर्यंत डोळे शाबूत राहिले पाहिजेत.