घड्याळ नाही, तरी ठोके: तेल, पाणी आणि सर्फॅक्टंट

मी बदलापूरच्या शिरगावचा. दिवसा कोड लिहितो, रात्री असलं काहीतरी वाचत बसतो. आजचा प्रश्न: बॅटरी नाही, चिप नाही, टायमर नाही, तरी नळीतल्या द्रवातून व्होल्टेजचे ठोके येतील का?

येतात. यू अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी डोळ्यांसमोर आणा. तळाशी नायट्रोबेंझीन, म्हणजे पाण्यापेक्षा जड असं तेलकट द्रव, आणि त्यात थोडं पिक्रिक आम्ल. एका बाजूला वर साधं पाणी. दुसऱ्या बाजूच्या पाण्यात थोडं अल्कोहोल आणि सीटॅब नावाचा सर्फॅक्टंट. मधलं तेल हाच आपला द्रव पडदा. दोन्हीकडच्या पाण्यात इलेक्ट्रोड सोडा. व्होल्टेज उडी मारतं, खाली येतं, थांबतं, पुन्हा उडी! उडी शे-दोनशे मिलिव्होल्टची. १९८३-८४ मध्ये जपानच्या योशिकावा आणि मात्सुबारा यांनी हे मांडलं.

सर्फॅक्टंट आपल्या घरातच असतो. सीटॅबचे भाऊबंद केसांच्या कंडिशनरमध्ये आणि सॅव्हलॉनमध्ये सापडतात. या रेणूचं डोकं पाण्यात रमतं, शेपूट तेलात. शिवाय सीटॅबच्या डोक्यावर धन भार असतो.

आता बदलापूर स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा आठवा. तिला टाइमटेबल नसतं. सीट भरल्या की निघाली. इथेही तसंच. रेणू एकेक करून तेल-पाण्याच्या सीमेवर येऊन बसतात. गर्दी एका मर्यादेला पोचली की पिक्रेट आयनांशी जोडी जमवून सगळे एकदम तेलात शिरतात. सीमा रिकामी, व्होल्टेजची उडी. मग पुन्हा भरती सुरू. नेमकी कुठल्या बाजूच्या सीमेवर ही उडी घडते, यावर मात्र संशोधकांचे वाद आहेत.

खरी गंमत पुढे आहे. अल्कोहोल बदललं की ठोक्यांचा वेग बदलतो. पुढे साबणाच्या जातीच्या सोडियम ओलिएटवर प्रयोग झाले. त्यात खारट, गोड, आंबट, कडू पदार्थांनी ठोक्यांची नक्षी वेगवेगळी बदलली. म्हणजे नळीत काय टाकलंय, ते तालावरून ओळखता येण्याची शक्यता! आपल्या जिभेच्या नसासुद्धा मेंदूला ठोक्यांतूनच निरोप देतात. म्हणून काही व्हिडिओंत याला थेट ‘कृत्रिम नस’ म्हणतात. तेवढं खरं मानू नका. नसेत आयनांसाठी प्रथिनांची दारं असतात, इथे तसलं काही नाही.

आणि प्लीज, घरी करून बघू नका. नायट्रोबेंझीन विषारी आहे आणि वाळलेलं पिक्रिक आम्ल स्फोटक.

आम्हा कोडवाल्यांना वाटतं, ठराविक वेळाने काही घडवायचं तर टायमर लागणारच. इथे फक्त दोन गोष्टी पुरतात: एक मर्यादा आणि दोन बाजूंमधला फरक. सर्फॅक्टंट झिरपत जाऊन तो फरक संपला की ठोकेही थांबतात. ही नळी चालते ती असमतोलावरच.

तुमच्या आसपास घड्याळाशिवाय तालात चालणारं आणखी काय आहे? कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!