दाराची किल्ली आणि अर्धा सेकंद



सर्व्हर आणि नेटवर्क यांचा कारभार हा विषय व्याख्यानाला रुक्ष वाटावा असाच आहे. हे काम ज्याच्याकडे असते त्या गृहस्थाची कचेरीला आठवण होते ती यंत्र बंद पडल्यावर. ते सुरळीत चालले तर त्याने काही केले, असे कोणाच्या मनातही येत नाही. या अफाट कारभारातून आज आम्ही एकच गोष्ट हाती घेणार आहोत; ती म्हणजे दार. दूर कोठेतरी ठेवलेल्या सर्व्हरमध्ये त्याची देखभाल करणारा माणूस शिरतो कसा, आणि परका बाहेर राहतो कसा?

पूर्वी यासाठी टेलनेट वापरीत. त्यात पासवर्ड तारेवरून उघडाच जाई, पोस्टकार्डावरल्या मजकुरासारखा. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा तेथील तातू युलोनेन यांनी एसएसएच हा प्रोग्राम लिहिला. दोन्ही टोकांमधले बोलणे त्यात सांकेतिक लिपीत चालते. पुढे त्याच्या परवान्याच्या अटी आवळत गेल्या. म्हणून ओपनबीएसडीच्या मंडळींनी जुनी मोकळी आवृत्ती घेऊन १९९९ साली ओपनएसएसएच तयार केले. लिनक्स सर्व्हरांचे नेहमीचे दार आज हेच.

पण दार चांगले मिळाले म्हणजे कडी आपोआप लागते असे नाही. नवा सर्व्हर इंटरनेटला जोडा आणि त्याचा लॉग उघडून पाहा. कोण कुठले लोक ‘रूट’, ‘अॅडमिन’, ‘टेस्ट’ अशी नावे घेऊन पासवर्डांचे अंदाज बांधीत दार ठोठावताना दिसतील. माणसे कसली, प्रोग्रामच ते! त्यांना झोप नाही की कंटाळा नाही. यावर उपाय किल्ल्यांच्या जोडीचा. खाजगी किल्ली आपल्या संगणकावरच राहते. सर्व्हरवर ठेवायची ती सार्वजनिक किल्ली. खाजगी किल्ली जवळ असल्याचा पुरावा तेवढा तारेवरून जातो, किल्ली जात नाही. हे जमले की पासवर्डाने प्रवेश देणे बंदच करावे. मात्र सेटिंग बदलताना चालू असलेली खिडकी मिटू नये. दुसऱ्या खिडकीतून आत जाता येते याची खात्री करावी, मगच पहिली सोडावी. नाहीतर आपल्याच घराबाहेर उभे राहण्याची पाळी येते. फेल-टू-बॅन नावाचा प्रोग्राम लॉग वाचून त्रास देणाऱ्या पत्त्यांना अडवतो. तो असावा, परंतु त्याला पहारेकरी समजावे, कुलूप समजू नये. काही जण २२ नंबरचे पोर्ट बदलतात. त्याने लॉगमधला गलबला कमी होतो; सुरक्षितता वाढते असे आम्हांस वाटत नाही. दारावरची पाटी काढली म्हणून घर काही दडत नाही.

आता या गलबल्याचीच एक गोष्ट ऐका. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे अभियंते आपल्या डेबियन संगणकावर वेगाची मोजमापे करीत होते. चुकीच्या नावांनी दार ठोठावणाऱ्यांना लगेच नकार मिळत होता, तरीही एसएसएचचा सर्व्हर प्रोसेसर भलताच खात होता. त्यांनी वेळ मोजली. ०.३ सेकंदाच्या जागी ०.८ सेकंद! अर्धा सेकंद कोणाच्या लक्षात येतो? त्यांच्या आला, आणि त्यांनी तो सोडला नाही. माग काढीत ते एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामपाशी पोचले. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. खुद्द ओपनएसएसएचला एक्सझेडची गरज नसते. पण डेबियन, फेडोरा यांसारख्या काही वितरणांनी त्याला सिस्टीम-डीची जोड दिली होती, आणि तिच्या पाठोपाठ एक्सझेडची लायब्ररी आत येत होती. चोरदरवाजाची किल्ली ज्याच्याजवळ, त्याला सर्व्हरवर हवे ते करता आले असते.

हा घाला घालणारा ‘जिया टॅन’ या नावाने वावरत होता. तो खरा कोण, हे उघड झालेले नाही. लासे कॉलिन हे एकटे गृहस्थ वर्षानुवर्षे बिनपगारी, आवडीखातर एक्सझेड सांभाळीत होते. २०२२ साली काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे टुमणे लावले, की काम संथ आहे, दुसऱ्याच्या हाती द्या. जिया टॅन मात्र नेमाने मदत करी. दोन वर्षांत त्याने विश्वास मिळवला, आणि नव्या आवृत्त्या काढण्याचा अधिकारही. एवढी शांत चोरी आमच्या तरी वाचनात दुसरी नाही. ज्याच्या श्रमावर असंख्य सर्व्हर चालले, त्याला अडचणीत पहिला सोबती मिळाला तो हा.

२९ मार्च रोजी फ्रॉइंड यांनी सारे जाहीर केले. त्या आवृत्त्या तोवर मुख्यतः चाचणीच्या वितरणांतच गेल्या होत्या. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत त्या पोचल्या नव्हत्या. कोड आणि तयार गाठोडी सर्वांना उघडी होती, म्हणून बाहेरच्या माणसाला ती उलगडून पाहता आली. हेही खरे, की ती उघडी असूनही तोवर कोणी पाहिली नव्हती. मे महिन्याच्या अखेरीस कॉलिन यांनी ५.६.२ ही साफ केलेली आवृत्ती काढली आणि पुन्हा आपल्या कामाला लागले.